हरणीची नजर

ऊसतोड सुरू झाली की आमच्या हरणी या कुत्रीचा दिनक्रम बदलावा लागतो. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, गारगोटी रस्त्याला कळंबा ओलांडून पुढे गेले की, दोन्ही अंगांना पुरुषभराहून उंच ऊस उभा असतो आणि त्या बोळातून चालताना तिला समोरची पाणंद आणि वरचे आभाळ यांपलीकडे काही दिसत नाही. मग कारखान्यांचे बॉयलर पेटतात, तोडकऱ्यांच्या टोळ्या फडात उतरतात, आणि बघता बघता थेट ओढ्यापर्यंतचे रान उघडे पडते. उसात दडून राहिलेले ससे, मुंगसे, तित्तर आसरा शोधत बांधाबांधाने हिंडू लागतात. हरणी कारवानी जातीची आहे. तिच्या जातीला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामासाठी निवडले: दूरवर काही हलले की ते नजरेआड होण्याआधी गाठायचे. अशा कुत्र्याला उघड्या रानात न्यायचे आणि तरीही ते आपल्या हाकेत राहावे अशी अपेक्षा धरायची, तर शिकवण्याची सुरुवात त्याच्या डोळ्यांपासून करावी लागते. पाय आणि कान यांची पाळी नंतर येते.

कोल्हापूर-सांगलीकडच्या खेड्यांत या कुत्र्यांना कारवानी म्हणतात. कर्नाटकाच्या हद्दीत शिरले की तीच मुधोळ होतात, आणि कानांवर व शेपटीवर रेशमी केसांची झालर असेल तर पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत त्यांचे नाव ‘कारवान हाउंड’ असे आहे. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान, निपाणी-चिकोडीच्या वाटेने कोल्हापुराहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि तिची एक जोडी राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली, असे तिकडे आजही अभिमानाने सांगितले जाते. पोस्ट खात्याने २००५ साली भारतीय कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. पुढे भारतीय सैन्याने मेरठच्या केंद्रात ही कुत्री प्रशिक्षणासाठी नेली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींचा उल्लेख केला तेव्हा मुधोळचे नाव घरोघरी पोहोचले. मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे या जातीच्या संवर्धनासाठी श्वान संशोधन केंद्र आहे. या सगळ्याचा मला मनापासून आनंद आहे. त्याबरोबर एक काळजीही आहे, कारण त्यानंतर माझ्याकडे पिल्लाची चौकशी करणाऱ्यांपैकी बहुतेकांना उंची, रंग आणि किंमत विचारायची असते. जवळपास मोकळे रान किती आहे याचा विचार केलेला माणूस क्वचित भेटतो.

या जातीचे शरीर नीट पाहिले तर तिचे काम समजते. डोके लांबट व अरुंद, मुस्कट निमुळते, डोळे बाजूला सरकलेले. माणसाला मान न वळवता सुमारे १८० अंशांचा परिसर दिसतो. लांब मुस्कटाच्या कुत्र्यांना त्याहून बराच अधिक, जवळजवळ २५० ते २७० अंशांपर्यंत दिसतो. त्यांच्या नेत्रपटलावर दृष्टिपेशींची दाट आडवी पट्टी असते, म्हणून क्षितिजाच्या रेषेवर कुठेही हालचाल झाली तर ती चटकन टिपली जाते. रंगांच्या बाबतीत मात्र कुत्र्याला निळा आणि पिवळा हे दोनच नीट उमगतात. तांबडे आणि हिरवे त्याच्या लेखी फारसे वेगळे नसते. त्यामुळे ढेकळांत निपचित बसलेला ससा अगदी जवळ असूनही हरणीला दिसत नाही, आणि तोच ससा दोन शेतांपलीकडे नुसता कान हलवतो तेव्हा ती जागच्या जागी थिजते. ससाही हे ओळखून असतो. जीव वाचवण्याचा त्याचा पहिला उपाय न हलणे हाच आहे.

धावण्याची रीतही तशीच वेगळी. घोडा भरधाव सुटतो तेव्हा एका ढांगेत त्याचे चारही पाय एकदा जमिनीवरून सुटतात. कारवानीचे दोनदा सुटतात, एकदा शरीर पूर्ण ताणलेले असताना आणि एकदा पाठीची कमान होऊन मागचे पाय पुढच्यांच्या पुढे आलेले असताना. छाती खोल, पोट पाठीला लागलेले, अंगावर चरबी जवळपास नाही. अनोळखी माणसे हरणीच्या बरगड्या पाहून तिला उपाशी ठेवले आहे असे समजतात आणि दूध-चपाती पुढे करतात. त्यांच्या मायेचा मान राखून मी नको म्हणते. हे शरीर दूर पल्ल्याच्या दौडीसाठी घडलेले नाही. ते दोन-तीन मिनिटांच्या जिवाच्या आकांताने केलेल्या धावेसाठी घडले आहे, आणि ती धाव संपली की उरलेला दिवस झोपण्यासाठी.

येथेच बहुतेक नव्या पाळणाऱ्यांचा अंदाज चुकतो असे मला वाटते. कुत्रे अवखळ आहे म्हणून त्याला दमवायचे, मोटारसायकलीच्या मागे रोज मैलोन्‌मैल पळवायचे, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कुत्र्याचा दमसास वाढतो, सांधे झिजतात, आणि मनाची अस्वस्थता होती तशीच राहते. वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत पिल्लाच्या हाडांची टोके पुरती जुळलेली नसतात, तेव्हा डांबरावरची ही पळापळ तर त्याच्यावर अन्यायच आहे. मेंढ्या राखणारी जात असो किंवा पोलिसांकडे असते तशी बेल्जियन मॅलिनोआ असो, त्या कुत्र्यांचे काम माणसाच्या इशाऱ्यावर चालते. प्रत्येक हालचालीनंतर ती मालकाकडे वळून पाहतात. कारवानीचे काम माणसापासून दूर चालत असे. ससा उठला की शिकारी मागेच राहायचा; कुठे वळायचे, केव्हा झेप घ्यायची हे कुत्र्यालाच ठरवावे लागे, आणि जे कुत्रे त्या क्षणी मालकाकडे पाहत बसले त्याच्या हातून ससा गेला. म्हणजे वळून न पाहणे हाच या जातीचा गुण म्हणून जोपासला गेला. लोक या कुत्र्याला अडेल म्हणतात, मंद म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटते. आपण ज्यासाठी त्याला घडवले तेच ते करत असते.

कोल्हापूरला नजरेच्या शिकाऱ्यांची ओळख नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी, आणि त्यानंतरही काही वर्षे, येथे चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले जात. चित्त्याला बैलगाडीवर बसवून माळावर नेत आणि त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवलेली असे. कळप टप्प्यात आला की चित्तेवान ती टोपी काढायचा, आणि चित्त्याला पहिल्यांदा जे दिसायचे ते काळवीटच असायचे. शिकार साधली की चित्तेवान धावत जाऊन लाकडी पळीतून मांस किंवा रक्त त्याच्या तोंडापुढे धरायचा, आणि तो त्यात गुंतला की टोपी पुन्हा डोळ्यांवर. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि ती विद्या येथेच थांबली. काळवीट मारण्याच्या त्या खेळाबद्दल मला ओढ नाही. पण जनावर हाताळण्याची त्या माणसांची समज मला फार मोलाची वाटते. धावत्या चित्त्याला हाक मारून थांबवता येत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते, म्हणून त्यांनी सगळा भर दोन क्षणांवर दिला होता: त्याला केव्हा दिसू द्यायचे, आणि पकडलेले सोडण्याच्या बदल्यात त्याला काय द्यायचे.

हरणीच्या डोळ्यांवर टोपी चढवायची नव्हती, पण ते दोन क्षण मात्र मी पकडून ठेवले.

पहिला धडा घरातच सुरू झाला. तिने आपण होऊन माझ्या डोळ्यांकडे पाहिले की लगेच ‘हं’ असा एक ठरावीक हलका आवाज करायचा आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा. हाक नाही, हुकूम नाही. स्वयंपाकघरात हे जमल्यावर दारात, मग गल्लीत, मग रंकाळ्यावर सकाळच्या गर्दीत, मग रानाच्या कडेला. जागा बदलली की कुत्र्याला तोच धडा नवा वाटतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यात कंटाळा करून भागत नाही. त्यानंतर त्या पाहण्याला ‘बघ’ हा शब्द जोडला. तोवर ती मोठी होत आली होती आणि तिला घरातल्या पाखरांपेक्षा दूरची पाखरे दिसू लागली होती.

दुसरा धडा अंतराचा. भटके कुत्रे असो, शेळी असो की टिटवी असो, प्रत्येक गोष्टीसाठी एक अंतर असते, ज्याच्या अलीकडे कुत्र्याचे भान सुटते आणि पलीकडे ते सुटत नाही. ते अंतर पायांनी मोजत राहायचे. शेळी दिसली, हरणीने पाहिले, पण ‘बघ’ म्हणताच मान वळवली, तर आपण योग्य अंतरावर आहोत. मान वळली नाही, तर ओरडण्यात अर्थ नाही. गुपचूप मागे सरायचे. भान सुटण्याआधीची चिन्हे सूक्ष्म असतात: उघडे तोंड मिटते, डोके वर उठते, कान उभे राहून टोकाशी दुमडतात, शरीराचा भार पुढच्या पायांवर येतो. हे सगळे होऊन पहिली उडी पडेपर्यंत जेमतेम अर्धा क्षण हाती असतो. त्या अर्ध्या क्षणात उच्चारलेला शब्द तिच्यापर्यंत पोहोचतो आणि उडीनंतरचा पोहोचत नाही. त्यामुळे रानात हिंडताना मला ससा शोधून चालत नाही, मला हरणीचे मिटणारे तोंड पाहत राहावे लागते.

ज्यांच्या रानात आम्ही जातो त्या आबांनी आयुष्यभर ही कुत्री पाहिली आहेत. आमचा सराव ते बांधावर बसून बघत असतात. एकदा त्यांनी मला जे सांगितले ते कोणत्याही प्रशिक्षकाने इतके नेमके सांगितलेले नाही. “पोरी, ह्या जातीला हाका मारून काय उपयोग न्हाई. ते आधी बघतंय, मग पळतंय, आन् ऐकतंय सगळ्यात शेवटाला.” मी म्हटले, “आबा, मग बघण्याच्या आणि पळण्याच्या मधेच शिरते मी.” ते म्हणाले, “तिथं जागा लई थोडी हाय.” खरे आहे. सगळा सराव ती थोडी जागा रुंद करण्यासाठीच आहे.

ती जागा रुंद होते बक्षिसाने, आणि बक्षीस कोणते हे येथे निर्णायक ठरते. पाठलागाच्या क्षणी कोंबडीचा तुकडा कवडीमोल असतो. तोंडात घातला तरी हरणी तो खाली पडू देते. तिला त्या वेळी फक्त धाव हवी असते. म्हणून धावच द्यायची, पण माझ्याकडून. एक लांब काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला निळे फडके. निळे अशासाठी, की वाळलेल्या पाचटावर आणि हिरव्या बांधावर तो रंग तिला उठून दिसतो. तिने दूरच्या हालचालीवरून नजर काढून माझ्याकडे वळवली की त्याच क्षणी ‘जा’ म्हणायचे आणि फडके जमिनीलगत वाकडेतिकडे पळवायचे, सशासारखे. मध्येच थांबवायचे, पुन्हा उसळवायचे. शेवटी ते तिला पकडू द्यायचेच, कारण कधीच हाती न लागणाऱ्या शिकारीने कुत्रे कासावीस होते. पकडल्यावर ते सोडवण्यासाठी ओढाताण नाही; तिच्या नाकाजवळ तुकडा धरायचा, ती आपोआप सोडते. चित्तेवानांच्या लाकडी पळीचे काम आमच्याकडे ही कोंबडी करते.

मागच्या हंगामातली एक सकाळ सांगते. ऊस नुकताच तुटून गेला होता, सरीत पाचट पसरलेले होते, थंडीने त्यावर दव धरले होते. हरणीच्या अंगात छातीपट्टा आणि त्याला दहा मीटरची हलकी दोरी. गळपट्ट्याला लांब दोरी बांधू नये, कारण ही कुत्री चार-दोन ढांगांतच पूर्ण वेग गाठतात आणि त्या वेगात मानेला बसलेला हिसका जीवघेणा ठरू शकतो. आम्ही बांधाच्या कडेने चाललो होतो आणि डाव्या हाताला पाचट किंचित खसखसले. तिचे तोंड मिटले. मीही पाहिले: ससा उठला, दोन उड्या मारून पुन्हा बसला. हरणीचा उजवा पुढचा पाय हवेत होता आणि कातडीखालचा खांद्याचा स्नायू थरथरत होता. मी नेहमीच्या आवाजात ‘बघ’ म्हटले. आधी तिचा एक कान माझ्याकडे वळला. डोळे तिकडेच. मग मान वळली, अगदी सावकाश, आणि ती पिवळसर नजर माझ्यावर येऊन थांबली. मी ‘जा’ म्हटले आणि फडके उजवीकडच्या मोकळ्या सरीत उधळले, सशाच्या अगदी उलट दिशेला. पाचट उडवत ती त्याच्यामागे गेली, वळणावर शेपटीने तोल सावरत, आणि तिसऱ्या वळणाला फडके तिच्या दातांत होते. ससा केव्हा ओढ्याकडे निघून गेला ते आम्हां दोघींनाही कळले नाही. त्या वेळी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. मी पाचटातच खाली बसले आणि तिला पोटाशी धरले.

उघडे रान मिळाले तरी ते तपासल्याशिवाय कुत्रे सोडता येत नाही. तुटलेल्या उसाची बुडखी तिरक्या धारेची असतात आणि भरधाव पायात घुसली तर पंजाची गादी चिरते, म्हणून बुडखे छाटणी झाल्यावरच तिथे फडके फिरवायचे. काटेरी तार आणि घाणेरीची झुडपे ही या पातळ कातडीची दुसरी शत्रू. खाल्ल्यावर निदान दोन तास धावायचे नाही, कारण खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. गोचिडी रोज पाहायच्या, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांतही. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना जातीची आठवण आपण करून द्यावी. अंगात चरबी कमी असल्याने आणि काही औषधांचा निचरा सावकाश होत असल्याने जुन्या पद्धतीच्या काही भुलीचा अंमल या कुत्र्यांवर फार वेळ टिकतो.

शहरात तिला राखणे तुलनेने सोपे आहे, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. घरात ती कोणालाही जाणवू नये इतकी शांत असते. मान डोक्यापेक्षा रुंद असल्याने साधा गळपट्टा मागे सरून सहज निघतो, तेव्हा ओढल्यावर थोडासा आवळणारा रुंद पट्टा लागतो. गणपतीच्या मिरवणुकीत आणि दिवाळीच्या फटाक्यांत तिला आतल्या खोलीत ठेवतो, आणि थंडीत तिच्या अंगावर जुन्या गोधडीचा शिवलेला झूल असतो.

एक विषय टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्या भागात ‘कारवानी’ म्हटले की अजूनही पुष्कळांना ससाच आठवतो, आणि रात्री बॅटरी घेऊन रानात जाणारे आजही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा ठरते. कायदा बाजूला ठेवला तरी, उसाच्या सलग लागवडीने माळ आणि गायराने आक्रसत गेल्यानंतर उरलेल्या सशांवर कुत्री सोडण्यात कोणता पुरुषार्थ आहे, ते मला समजत नाही. जातीचा गुण जिवंत ठेवायला शिकार लागते, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो खरा नाही. गुण धावण्यात आहे, पाहण्यात आहे, वळण घेण्यात आहे. निळ्या फडक्यामागे हरणी तसूभरही कमी जिवाने धावत नाही. गावच्या जत्रांमधून कुत्र्यांच्या शर्यती होतात, त्यांतही फसव्या सशामागे कुत्री सोडतात. तिथे पाण्याची, सावलीची आणि डॉक्टरांची नीट सोय असेल, कोवळ्या वयाची कुत्री उतरवली जात नसतील, तर त्या शर्यतींत मला जातीचे भले दिसते. नुसत्या दिखाव्यासाठी फ्लॅटच्या बाल्कनीत बांधलेल्या कारवानीपेक्षा ते निश्चित बरे.

हरणीचे शिक्षण पुरे झाले आहे असे मी म्हणणार नाही. ससा उठून बसला तर ती वळून पाहते. न थांबता पळत सुटला तर अजून दोरीचा आधार लागतो, आणि मोर उडाला तर दोरी असूनही मला दोन पावले फरफटावे लागते. म्हणून दोरी सुटत नाही, आणि जिथे रस्ता जवळ आहे तिथे ती कधी सुटेल असेही वाटत नाही. यंदा आबा ओढ्याकडच्या रानात खोडवा ठेवणार आहेत, त्यामुळे तो भाग लवकरच पुन्हा उसाखाली जाईल. भुईमुगासाठी मोकळे राहील ते वरचे वावर, आणि तिथे खतासाठी धनगरांच्या मेंढ्या बसवायचे ठरले आहे. पळणाऱ्या मेंढीला हरणीने अजून जवळून पाहिलेले नाही. कळपाचे म्होरके असलेल्या मामांशी मी बोलून घेतले आहे. पहिले काही दिवस आम्ही पलीकडच्या टेकाडावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दोरी दोनदा हाताला वेढून नुसते बसणार आहोत, आणि कळप उठून चालू लागला की तिचे तोंड मिटते की उघडे राहते ते मी पाहणार आहे.